विमा कंपनी आणि स्टार्टअप: भागीदारी कोणत्या क्रमाने बांधायची

विमा कंपनी आणि तंत्रज्ञान स्टार्टअप यांची भागीदारी बहुतेक वेळा उलट्या टोकाने सुरू होते. आधी डेमो, मग सामंजस्य करार आणि हस्तांदोलनाचा फोटो, मग दोन्हीकडच्या आयटीवाल्यांची धावपळ. सगळं तयार झाल्यावर कंप्लायन्स (नियमपालन) विभाग विचारतो, "यांना पैसे द्यायचे ते कुठल्या नात्याने?" इथे जे काम अडतं ते महिनोन्‌महिने हलत नाही. क्लेम कोण बघणार, हा प्रश्न तर पहिल्या ग्राहकाचा फोन येईपर्यंत कोणी काढलेलाच नसतो.

म्हणून या लेखातला क्रम वेगळा आहे. परवाना, पैसा आणि क्लेम आधी, कोड नंतर. स्टार्टअप चालवणारे आणि विमा कंपनीत अशा भागीदाऱ्या सांभाळणारे, दोघांनीही तो आपापल्या बाजूने वाचावा.

पुढे एकच उदाहरण घेऊन चालू. समजा, चाकण-भोसरी पट्ट्यातल्या मालवाहतूकदारांच्या ट्रकमध्ये यंत्र बसवून गाडी कशी चालते ते मोजणारी एक छोटी कंपनी आहे. तिला एका जनरल इन्शुरन्स कंपनीबरोबर 'चांगली चालवा, कमी प्रीमियम भरा' असं उत्पादन काढायचं आहे. विमा नियामक आयआरडीएआयने जुलै २०२२ मध्ये वाहनाच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्यात अशा वापरावर आणि चालवण्यावर आधारित ॲड-ऑनना (मूळ पॉलिसीला जोडायच्या जादा संरक्षणांना) परवानगी दिली, त्यामुळे कल्पना कायद्यात बसते. प्रश्न पुढचेच आहेत.

## आधी हे स्पष्ट करा: कोणाकडे काय आहे

विमा कंपनीकडे नोंदणी आहे, किमान १०० कोटींचं भांडवल आहे, सॉल्व्हन्सीचं (देणी फेडण्याच्या क्षमतेचं) प्रमाण १.५ च्या खाली जाऊ न देण्याचं बंधन आहे, पुनर्विमा (विमा कंपनीने स्वतःच्या जोखमीचा काढलेला विमा) आहे आणि वर्षानुवर्षांचे क्लेमचे आकडे आहेत. हे स्टार्टअपला दोन-चार वर्षांत उभं करता येत नाही. स्टार्टअपकडे ग्राहक नेमका ज्या क्षणी जोखीम घेतो तिथे हजर असण्याची सोय आहे, ताजी माहिती आहे आणि लहान रकमेचा व्यवहार परवडेल इतका कमी खर्च आहे.

शेवटचा मुद्दा समजून घ्यायला आयआरसीटीसीचा प्रवास विमा बघा. आयआरसीटीसी स्टार्टअप नाही, पण घडी तीच. ४५ पैशांच्या प्रीमियममध्ये अपघाती मृत्यूसाठी १० लाखांचं संरक्षण. ४५ पैशांची पॉलिसी कुठलाही एजंट दारोदार जाऊन विकणार नाही. तिकीट काढतानाच ती जोडली गेली म्हणून ती शक्य झाली. पण तिकीट निघाल्यावर नॉमिनी भरण्यासाठी विमा कंपनीकडून जी लिंक येते, ती किती जण उघडतात? विक्री एका क्लिकवर झाली आणि वारसाचा कागद मागे राहिला. भागीदारीतली फट साधारण अशाच जागी असते.

## पायरी १: एकच आकडा निवडा

"आम्ही ग्राहकाचा अनुभव सुधारतो" या वाक्यावर विमा कंपनीत कोणी सही करत नाही. सुधारायचा आकडा एकच आणि नेमका ठेवा: प्रीमियमच्या तुलनेत क्लेमचं प्रमाण, व्यवस्थापन खर्च, नूतनीकरणाचं प्रमाण, किंवा आजवर न मिळालेला ग्राहकवर्ग. चारही एकदम सांगितलेत तर समोरचा एकही धरत नाही.

मग कागदावर हिशेब मांडा. आमच्या ट्रकचं बघू. समजा स्वतःच्या नुकसानीच्या भागाचा प्रीमियम २०,००० रुपये, यंत्र आणि सिमचा वर्षाचा खर्च ३,५०० आणि चांगल्या चालवण्याबद्दल सूट १० टक्के, म्हणजे २,०००. खर्च झाला ५,५००. त्या गटाचे क्लेम आधी प्रीमियमच्या ८० टक्के, म्हणजे १६,००० असतील, तर निव्वळ बरोबरीत येण्यासाठी ते १०,५०० वर यायला हवेत. म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून जास्त घट. नुसत्या यंत्राने एवढी घट होईल असं छातीठोकपणे कोणी सांगू शकत नाही.

यातून निघणारा मार्ग असा: यंत्राचा खर्च विम्यावर टाकायचाच नाही. डिझेलची चोरी, गाडी कुठे आहे, रिकाम्या फेऱ्या यांसाठी मालक यंत्राचे पैसे आधीच देत असेल, तर विमा त्याच माहितीवर वर बसतो आणि हिशेब जुळतो. हे डेमोच्या आधी कळलं तर बरं.

दुसरी गोष्ट. ट्रकच्या एकूण प्रीमियममध्ये थर्ड पार्टीचा (अपघातात इतरांना झालेल्या हानीच्या विम्याचा) वाटा मोठा असतो आणि ते दर केंद्र सरकार ठरवतं. त्यावर विमा कंपनी सूट देऊ शकत नाही. "प्रीमियम ३० टक्के कमी" असं पत्रक छापण्याआधी कोणत्या भागाचे ३० टक्के, ते लिहा.

तपासणी: हा हिशेब एका पानावर मावतो का? त्यातलं कोणतं गृहीतक चुकलं तर सगळा डोलारा कोसळतो, ते दोन्ही बाजूंना ठाऊक आहे का?

## पायरी २: आपली कायदेशीर भूमिका ठरवा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे वेळ द्या. चार वाटा आहेत.

सेवा पुरवठादार. तुम्ही विमा कंपनीला तंत्रज्ञान विकता आणि सेवेचं शुल्क घेता. परवाना लागत नाही, पण आउटसोर्सिंगचे नियम लागू होतात. जोखीम स्वीकारायची की नाही, क्लेम द्यायचा की नाही, उत्पादनाची रचना, ॲक्चुअरीचं (जोखमीचं गणित मांडणाऱ्या तज्ज्ञाचं) काम, गुंतवणूक, ही कामं विमा कंपनीला बाहेर देता येत नाहीत. म्हणून "आमचं एआय क्लेम मंजूर करतं" हे वाक्य सादरीकरणातून काढा. तुमची प्रणाली शिफारस करते, निर्णय कंपनीचा. मोटारीच्या ५०,००० रुपयांवरच्या नुकसानीला परवानाधारक सर्व्हेअर (नुकसानीची पाहणी करणारा) लागतोच, मग फोटोवरून नुकसान ओळखणारी तुमची प्रणाली कितीही हुशार असो.

वितरक. पॉलिसी विकून मोबदला घ्यायचा असेल तर परवाना हवा. कॉर्पोरेट एजंट झालात तर मूळ धंदा सांभाळून विमा विकता येतो. डिसेंबर २०२२ पासून जीवन, जनरल आणि आरोग्य या प्रत्येक वर्गात जास्तीत जास्त ९ कंपन्यांशी करार करता येतो, आधी ही मर्यादा ३ होती. ब्रोकर ग्राहकाच्या बाजूने काम करतो, कंपन्यांच्या संख्येचं बंधन नाही. पण डायरेक्ट ब्रोकरसाठी किमान ७५ लाखांचं भांडवल लागतं आणि त्या कंपनीला दुसरा धंदा करता येत नाही. म्हणूनच पैसे पाठवायची मोठी ॲप्स विम्यासाठी वेगळी ब्रोकिंग कंपनी काढतात. तुलना दाखवणाऱ्या संकेतस्थळांसाठी वेब ॲग्रीगेटरचा परवाना आहे. तुमचं सगळं भांडवल जर दहा कंपन्यांचे दर शेजारी शेजारी दाखवणं एवढंच असेल, तर 'बिमा सुगम' या सामायिक बाजारपेठेसाठी २०२४ मध्ये नियम आलेले आहेत, हे लक्षात घेऊन पुढची पावलं टाका.

गटाचा संयोजक. आपल्या सभासदांसाठी मास्टर पॉलिसी, म्हणजे सगळ्या गटाची मिळून एक पॉलिसी, घ्यायची. फिटनेस ॲप, डिलिव्हरी करणाऱ्यांची ॲप, पगारदारांची ॲप ही वाट पकडतात, कारण परवाना लागत नाही आणि सोपी वाटते. ती तितकी सोपी नाही. निव्वळ विमा घेण्यासाठी जमवलेला गट चालत नाही. विमा कंपनी जेवढा प्रीमियम लावते त्याहून एक रुपयाही जास्त सभासदाकडून घेता येत नाही. आणि प्रत्येक सभासदाच्या हाती विम्याचं प्रमाणपत्र पडायला हवं.

सँडबॉक्स. कल्पना सध्याच्या नियमांत बसतच नसेल तर आयआरडीएआयच्या नियामक सँडबॉक्समध्ये मर्यादित प्रयोगाची परवानगी मागता येते. २०१९ पासून ही सोय आहे. पण नियमात बसणारी गोष्ट उगाच सँडबॉक्समध्ये नेऊ नका. काही जण ते शिक्कामोर्तब समजून अर्ज करतात आणि वेळ घालवतात.

आमची ट्रकवाली कंपनी पहिल्या वाटेने जाते: विमा कंपनीची पुरवठादार. पॉलिसी विकायचं काम वाहतूकदारांचा जो ब्रोकर आधीपासून आहे, त्याच्याकडेच राहू द्यावं. त्याला वगळून पुढे गेलात तर पहिल्याच नूतनीकरणाला तो गिऱ्हाईक दुसऱ्या कंपनीकडे नेईल.

इशारा: परवाना नसताना 'लीड'साठी किंवा 'मार्केटिंग'साठी प्रीमियमच्या टक्केवारीत पैसे घेऊ नका. विमा कायदा १९३८ चं कलम ४० परवानाधारकांखेरीज इतरांना व्यवसाय आणण्याबद्दल मोबदला देऊ देत नाही. जाहिरातीच्या नावाने बिलं फाडण्याची युक्ती जुनी आहे, आणि २०२२ पासून जीएसटी गुप्तचर विभागाने याच बिलांवरून अनेक विमा कंपन्यांना आणि मध्यस्थांना नोटिसा काढल्या. शुल्क घ्यायचं तर दर यंत्रामागे, दर व्यवहारामागे किंवा दरमहा ठरावीक घ्या.

इशारा: "पॉलिसी घ्या, २०० रुपये कॅशबॅक मिळवा" ही कलम ४१ खाली मनाई असलेली सवलत ठरते. दंड १० लाखांपर्यंत आहे. मार्केटिंगच्या टीमला हे पहिल्या दिवशीच सांगा, नंतर ऐकत नाहीत.

## पायरी ३: योग्य दार ठोठावा

विमा कंपनीतला 'इनोव्हेशन' किंवा 'डिजिटल' विभाग भेटायला सोपा आणि बोलायला गोड. पण नफ्या-तोट्याची जबाबदारी त्याच्याकडे नसते. आमच्या उदाहरणात मोटार विभागाच्या प्रमुखांपर्यंत पोचायला हवं. दुसऱ्या बैठकीला क्लेमचे प्रमुख आणि ॲक्चुअरी दोघे हजर हवेत. क्लेमवाल्यांना शेवटी सांगितलं की ते शेवटी अडवतात, आणि त्यांचं बरोबरच असतं.

सरकारी विमा कंपन्यांमध्ये ओळखीने काम होत नाही, निविदा निघते. उद्योग संवर्धन विभागाची स्टार्टअप मान्यता असेल तर अनामत रकमेतून सूट आणि पूर्वानुभव व उलाढालीच्या अटीत शिथिलता मिळू शकते. ती मान्यता निविदा निघाल्यावर नव्हे, आधी काढून ठेवा.

वेळेचंही भान हवं. जानेवारी ते मार्च विमा कंपनीत कोणाला मान वर करायला सवड नसते. बहुतेक पुनर्विमा करार १ एप्रिलला नवे होतात आणि त्यांच्या वाटाघाटी त्याआधीचे काही महिने चालतात. तुमचं उत्पादन त्या करारात बसणारं नसेल तर ते दिवाळीच्या आसपास सांगायला हवं. मार्चमध्ये सांगितलंत तर वर्ष गेलंच म्हणून समजा.

## पायरी ४: फाइल आधीच तयार ठेवा

विमा कंपनी तुमची छाननी करणार, हे नक्की. ती सुरू झाल्यावर कागद गोळा करणाऱ्यांचे दोन-तीन महिने त्यातच जातात. ही फाइल पहिल्या बैठकीआधी तयार हवी:

- सर्ट-इनच्या (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या) यादीतल्या ऑडिटरकडून केलेल्या सुरक्षा चाचणीचा अहवाल, आणि सापडलेल्या त्रुटी बंद केल्याचा दाखला
- विदा (डेटा) भारतातल्या सर्व्हरवर असल्याचा पुरावा
- सायबर घटना घडल्यास ६ तासांत सर्ट-इनला कळवण्याची लेखी पद्धत, आणि लॉग १८० दिवस ठेवत असल्याचा पुरावा
- आयआरडीएआयच्या २०२३ च्या माहिती व सायबर सुरक्षा मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे स्वतः भरलेली तपासणी यादी
- ताळेबंद, आणि हातातला पैसा किती महिने पुरेल याचा प्रामाणिक आकडा
- उद्यम नोंदणी. सूक्ष्म किंवा लघु उद्योग असाल तर ४५ दिवसांत पैसे मिळण्याचा कायदेशीर आधार तिच्यामुळेच मिळतो

दुसऱ्या मुद्द्यावर अनेक जण फसतात. मुख्य डेटाबेस मुंबईच्या क्लाउडवर असतो, तो सगळे दाखवतात. पण ॲप कोसळल्याचे अहवाल घेणारं साधन, एसएमएस पाठवणारी सेवा आणि रात्रीचा बॅकअप कुठे जातो? पॉलिसी क्रमांक आणि फोन नंबर त्या अहवालांमधून सर्रास परदेशी सर्व्हरवर गेलेले सापडतात. ऑडिटरने शोधण्याआधी तुम्ही शोधा.

आता संमती. आमच्या उदाहरणात यंत्राला परवानगी ट्रकमालकाने दिली. पण ज्याची माहिती जमा होते, तो चालक आहे. रात्री कुठे थांबला, किती वेगाने गेला, किती वाजता झोपला. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३ हा त्या माणसाच्या बाजूने बघतो, आणि सुरक्षेत हयगय झाली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. विम्याचा दर ठरवायला त्याची माहिती वापरणार असाल तर त्याची वेगळी संमती घ्या, त्याला कळेल अशा भाषेत. संमतीची सूचना आठव्या परिशिष्टातल्या भाषांमध्ये उपलब्ध हवी, असं कायदाच म्हणतो. इंग्रजी पानावर अंगठा घेऊन भागणार नाही.

तपासणी: कंपनीबाहेरच्या कोणालाही ही फाइल दिली, तर एकही फोन न करता त्याला ती कळेल का?

## पायरी ५: क्लेमचा रस्ता कागदावर काढा

या पायरीवर करार झालेला नसतो, कोड लिहिलेला नसतो. म्हणूनच ती इथे आहे.

दोन्ही बाजूंच्या माणसांना एका टेबलावर बसवा आणि एकच प्रसंग घ्या. रात्री दोन वाजता खंबाटकी घाटात ट्रक उलटला. पुढे काय?

यंत्राने धक्का नोंदवला. इशारा कोणाकडे गेला? मालकाला फोन कोण करणार, स्टार्टअपचं कॉल सेंटर की विमा कंपनीचं? क्रेन कोण बोलावणार आणि तिचे पैसे पॉलिसीत आहेत का? सर्व्हेअर जागेवर कधी पोचणार? परवाना, परमिट, फिटनेस, मालाची बिल्टी हे कागद कोण मागणार? मालकाकडे आधीच ॲपमध्ये चढवलेले असतील तर विमा कंपनी तेच धरणार, की पुन्हा सगळं मागणार? प्रत्येक प्रश्नापुढे एका माणसाचं पद लिहा. 'दोघे मिळून' असं लिहिलेली प्रत्येक जागा म्हणजे उद्याची तक्रार.

आता खरा अवघड प्रश्न. यंत्र सांगतं की गाडी त्या वळणावर ताशी ७५ च्या वेगात होती. ही माहिती क्लेम नाकारायला वापरणार का?

यावर विमा कंपनीतच दोन मतं असतात. दर ठरवणारा विभाग म्हणतो, माहिती फक्त पुढच्या वर्षीच्या प्रीमियमसाठी. क्लेम विभाग म्हणतो, पुरावा समोर असताना डोळे मिटायचे कसे? दोन्ही बाजूंना तर्क आहे. पण निर्णय आधी घ्या आणि पॉलिसीच्या शब्दांत उतरवा. कारण यंत्रामुळे एका मालकाचा क्लेम गेला अशी बातमी ट्रान्सपोर्ट नगरात पसरायला एक दिवस पुरतो, आणि दुसऱ्या दिवसापासून वायरी निघालेल्या दिसतात. माझं मत स्पष्ट आहे: चोरी आणि बनाव सोडला तर ही माहिती क्लेमच्या विरोधात वापरू नये. वापरायचीच असेल तर विकताना मराठीत, हिंदीत ठळक सांगावं आणि किती जण घेतात ते बघावं.

यंत्र बंद पडलं, नेटवर्क गेलं, बॅटरी काढली, तर चालकाच्या चालवण्याचे गुण (ज्यावरून सूट ठरते) कसे धरायचे, हेही इथेच ठरवा. कोयना खोऱ्यात रेंज नाही म्हणून चालकाला 'वाईट' ठरवलं तर भांडण ओढवून घेतलंत.

ज्यांचं उत्पादन सर्व्हेशिवाय, नुसत्या हवामानाच्या आकड्यावर भरपाई देणारं आहे, त्यांनी ही पायरी सोडू नये. फळपिकांच्या हवामान आधारित विम्याचा अनुभव महाराष्ट्रात आहे. महसूल मंडळातल्या स्वयंचलित केंद्राने जे नोंदवलं त्यावर भरपाई ठरते. केंद्र एका गावात आणि अवकाळीचा फटका दुसऱ्या गावातल्या बागेला, असं झालं की शेतकऱ्याच्या लेखी विमा म्हणजे फसवणूक. आकडा कुठून येणार, केंद्र बंद असेल तर कुठलं शेजारचं केंद्र धरायचं, हे विकण्याआधी त्याला दाखवता आलं पाहिजे.

तपासणी: तक्रार आली तर उत्तर विमा कंपनीचंच असतं, आणि त्याला दोन आठवड्यांची मुदत आहे. स्टार्टअपकडची माहिती तिला किती तासांत मिळणार, हे लिहिलं आहे का? ग्राहक पुढे विमा लोकपालाकडे गेला तर ५० लाखांपर्यंतचा निवाडा होऊ शकतो.

## पायरी ६: करार

वकिलांकडे जाण्याआधी पाच गोष्टी दोन्ही बाजूंच्या प्रमुखांनी आपसात ठरवाव्यात.

शुल्क कशाला जोडलेलं आहे. माहिती कोणाची आणि त्या माहितीवर शिकलेलं मॉडेल कोणाचं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि बहुतेक करारांत पहिल्याचंच उत्तर असतं. एकमेव भागीदारीची अट घालायची असेल तर ती एका उत्पादनापुरती आणि मुदतबंद ठेवा. विमा कंपनी अशी अट सहज टाकते आणि स्टार्टअप पहिल्या मोठ्या नावाच्या आनंदात सही करून बसतं. नियामकाला आणि कंपनीच्या ऑडिटरला तुमच्याकडे येऊन तपासणी करण्याचा अधिकार द्यावाच लागेल. पाचवी गोष्ट, स्टार्टअप बंद पडलं किंवा विकलं गेलं तर चालू पॉलिसींचं काय.

मोठ्या कंपनीने पाठवलेल्या छापील करारात नुकसानभरपाईची अमर्याद जबाबदारी बहुधा असतेच. तिला मर्यादा मागा. आणि व्यावसायिक दायित्वाचा व सायबरचा विमा स्वतः काढा. विम्याच्या धंद्यात येऊन स्वतःचा विमा नसणारी मंडळी कमी नाहीत.

## पायरी ७: उत्पादन आणि पुनर्विमा

हे काम विमा कंपनीचं, त्यामुळे थोडक्यात. जून २०२२ पासून जनरल आणि आरोग्य विम्यातली बहुतेक उत्पादनं 'यूज अँड फाइल' पद्धतीने, म्हणजे आधी मंजुरीची वाट न बघता आणता येतात. कंपनीची अंतर्गत उत्पादन समिती मान्यता देते आणि उत्पादनाला यूआयएन हा ओळख क्रमांक मिळतो. याचा अर्थ काहीही चालतं असा नाही. मंजुरीची जबाबदारी नियामकाकडून कंपनीच्या समितीवर आली, म्हणून समिती जास्त सावध झाली.

स्टार्टअपने इथे एकच करायचं: गुण मोजण्याचं सूत्र ॲक्चुअरीला समजेल असं लिहून द्यायचं. "मॉडेल ठरवतं" हे उत्तर फाइलमध्ये चालत नाही. आणि सूत्र बदललं की कळवायचं. ॲप दर पंधरा दिवसांनी बदला, दर ठरवणारं सूत्र तसं बदलता येत नाही.

## पायरी ८: जोडणी आणि चाचणी

आता कोड. पहिला नियम: प्रीमियम मिळाल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही, कलम ६४व्हीबी. म्हणून पैसा शक्यतो थेट विमा कंपनीच्या खात्यात जाऊ द्या. एजंटाने प्रीमियम गोळा केला तर सुट्ट्या वगळून २४ तासांत जमा करावा लागतो. आपल्या खात्यात आठवडाभर ठेवून मग एकगठ्ठा भरणं हा नियमभंग आहे, हिशेबाची सोय नव्हे.

दुसरा: १ जानेवारी २०२३ पासून केवायसी सगळ्या पॉलिसींना लागू आहे. पैसे भरल्यावर केवायसी मागितली तर ग्राहक मधेच लटकतो. ती आधी घ्या.

चाचणीत सरळ मार्गाचे व्यवहार सगळेच तपासतात. हे तपासा:

- बँकेतून पैसे गेले, उत्तर आलंच नाही. ग्राहकाने पुन्हा बटण दाबलं. दोन पॉलिसी निघतात की एक?
- जुनी पॉलिसी मध्यरात्री संपते, पैसे ११ वाजून ५८ मिनिटांनी भरले, पॉलिसी १२ वाजून ३ मिनिटांनी तयार झाली. मधल्या मिनिटांचं काय?
- आरसी बुकात नाव 'श्री गणेश रोडलाइन्स', पॅनवर मालकाचं स्वतःचं नाव.
- गाडी विकली, यंत्र तसंच राहिलं. नव्या मालकाच्या चालवण्याचे गुण जुन्या मालकाला?
- विमा कंपनीची प्रणाली रविवारी रात्री देखभालीसाठी बंद असते. तेव्हा ॲप ग्राहकाला काय दाखवतं?

पहिल्या प्रकाराला रोजच्या बोलण्यात 'पैसे कटले, पॉलिसी नाही' म्हणतात. यासाठी ठरावीक वेळेनंतर आपोआप पडताळणी आणि तरीही न जुळल्यास परतावा, हे दोन्ही पहिल्या दिवसापासून हवेत.

इशारा: विम्याच्या चौकटीत आधीच टिक करून ठेवू नका. ग्राहकाच्या नकळत टोपलीत वस्तू टाकण्याला नोव्हेंबर २०२३ च्या 'डार्क पॅटर्न' मार्गदर्शक सूचनांनी मनाई केली आहे. शिवाय ज्याला विमा घेतल्याचंच माहीत नाही तो क्लेम करत नाही, मग तुमचे आकडे खोटे चांगले दिसतात.

## पायरी ९: पायलट, पण आकडा खरं बोलेल असा

तीन महिन्यांचा पायलट (मोजक्या ग्राहकांवरचा प्रयोग) करून "क्लेमचं प्रमाण फक्त १२ टक्के" असं सांगणाऱ्या सादरीकरणावर विश्वास ठेवू नका. आरोग्य विम्यात पहिले ३० दिवस अपघात सोडून क्लेमच नसतो आणि आधीच्या आजारांना ३६ महिन्यांपर्यंत प्रतीक्षा असू शकते. थर्ड पार्टीचे दावे न्यायाधिकरणात वर्षानुवर्षं चालतात. झालेलं पण अजून न कळवलेलं नुकसान ॲक्चुअरी वेगळं धरतात, ते का, हे त्यांना विचारा. मोटारीच्या स्वतःच्या नुकसानीसाठी निदान एक पावसाळा पायलटमध्ये आलाच पाहिजे.

दुसरी गफलत निवडीची. यंत्र बसवायला आपणहून तयार झालेले मालक मुळातच काळजीवाहू असतात. त्यांचे क्लेम कमी आले यात यंत्राचं श्रेय किती? म्हणून तसाच, यंत्र नसलेला गट शेजारी ठेवा: त्याच मार्गांवरचे, त्याच वयाचे, तेवढ्याच वजनाचे ट्रक. तुलना त्यांच्याशी.

पायलट सुरू होण्याआधी तीन गोष्टी लिहून दोघांनी सह्या करा: कोणत्या आकड्याला पुढे जायचं, कोणत्या आकड्याला थांबायचं, आणि मधल्या आकड्याला कोण ठरवणार. नंतर बसलात तर प्रत्येक जण आपल्या सोयीचा आकडा काढतो.

तपासणी: पायलटमधल्या प्रत्येक क्लेमचा कागद क्लेम विभाग आणि स्टार्टअप यांनी एकत्र बसून वाचला का? नुसती बेरीज बघू नका.

## पायरी १०: रोजचा ताळमेळ आणि बाहेर पडायची वाट

उत्पादन चालू झालं की रोज सकाळी तीन याद्या जुळवा: स्टार्टअपच्या नोंदीतले व्यवहार, बँकेत आलेले पैसे, विमा कंपनीने काढलेल्या पॉलिसी. फरक आला तर त्याच दिवशी निकाल लावा. महिनाअखेरीला जुळवायचं ठरवलं की मार्चअखेरीला जुळवावं लागतं.

महिन्यातून एकदा आकड्यांची बैठक घ्या. तिला क्लेमचा माणूस नसेल तर बैठक पुढे ढकला. नूतनीकरणाच्या ६० दिवस आधी मालकाला त्याचे गुण आणि येणारा प्रीमियम कळवा. वर्षभर जपून चालवून सूट न दिसलेला मालक पुन्हा येत नाही आणि चार जणांना सांगतो.

भागीदारी संपवायची वेळ आली तर शेवटची पॉलिसी संपेपर्यंत आणि तिच्यावरचे क्लेम मिटेपर्यंत माहिती, लॉग आणि फोन उचलणारी माणसं कोण ठेवणार, त्याचा खर्च कोणाचा, हे करारातल्या पाचव्या मुद्द्याला जोडून परिशिष्टात लिहा. यंत्रं काढायची की मालकाकडेच राहू द्यायची, तेही. चालकांची जमा माहिती कोणत्या तारखेला पुसायची आणि पुसल्याचा दाखला कोण देणार, ही त्या परिशिष्टातली शेवटची ओळ. ती रिकामी असेल तर सही करू नका.